लिनक्सवरील लॉगिन सत्रांचे व्यवस्थापन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळा, केळी व कापसाच्या व्यापाऱ्यांची कार्यालये आणि घरी एखादा जुना संगणक सर्व्हर म्हणून चालवणारी हौशी मंडळी यांच्याकडून गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. उत्तरे डेबियन, उबुंटू, फेडोरा आणि सिस्टमडी (संगणक सुरू झाल्यापासून सर्व सेवा चालवणारी व्यवस्था) वापरणाऱ्या तत्सम वितरणांना, म्हणजे लिनक्सच्या तयार संचांना, लागू पडतात. सी-डॅकचे बॉस लिनक्स डेबियनवर आधारलेले असल्यामुळे तेथेही बहुतेक सर्व मजकूर उपयोगी पडेल.

लेखनाविषयी एक सूचना आधीच करतो. आज्ञा आणि सेटिंगांची नावे येथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत; संगणकावर ती रोमन लिपीतच टंकायची आहेत. सेटिंगच्या नावातील शब्द वाचायला सोपे जावेत म्हणून मध्ये आडवी रेघ दिली आहे. फाइलमध्ये ते शब्द सलग, प्रत्येकाचे पहिले अक्षर मोठे ठेवून लिहावेत. आज्ञांमधील आडवी रेघ मात्र खरी आहे, ती टंकावीच लागते.

प्रश्न : लॉगिन सत्र म्हणजे नेमके काय, आणि ते कोण सांभाळते?

नाव व पासवर्ड देऊन आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा काळ म्हणजे सत्र, हे उत्तर बरोबर असले तरी कामाचे नाही. कारण या एका सत्रावर चार-पाच जणांची मालकी असते. दारावर पॅम, म्हणजे ओळख तपासणारी व्यवस्था, उभा असतो : कोणाला, केव्हा आणि किती वेळा आत सोडायचे हे तो ठरवतो. आत आलेल्याची नोंद सिस्टमडीमधील लॉगिनडी ही सेवा ठेवते, त्याला क्रमांक देते, त्याच्या सर्व प्रक्रिया एका गटात बांधते आणि त्याच्यासाठी रन/यूझर खाली त्याच्या वापरकर्ता क्रमांकाची एक तात्पुरती निर्देशिका तयार करते. पडदा केव्हा कुलूपबंद करायचा हे ग्नोम किंवा केडीईसारखा डेस्कटॉप पाहतो. दूरून आलेल्यांची जोडणी एसएसएचच्या हातात असते. बॅश शेलचे, म्हणजे आज्ञा टंकायच्या प्रोग्रामचे, स्वतःचे घड्याळ आणखी वेगळे असते.

माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींत सेटिंग बरोबर लिहिलेली होती, पण चुकीच्या मालकाकडे. म्हणून फाइल उघडण्यापूर्वी एकच विचारावे : ही गोष्ट या पाचांपैकी कोणाच्या हातात आहे?

प्रश्न : या क्षणी संगणकावर कोण कोण आत आहे, हे कसे पाहावे?

लॉगिनसीटीएल लिस्ट-सेशन्स ही आज्ञा द्यावी. सत्राचा क्रमांक, वापरकर्ता, आसन (एका माणसाचा पडदा, कीबोर्ड व माउस) आणि टर्मिनल यांची यादी मिळते. एखाद्या सत्राचा तपशील हवा असेल तर लॉगिनसीटीएल सेशन-स्टेटस आणि पुढे त्याचा क्रमांक द्यावा. त्या सत्रातील प्रक्रियांचे झाडच समोर येते. क्रमांकाआधी ‘सी’ हे अक्षर दिसले तर घाबरू नये. कर्नलच्या ऑडिट व्यवस्थेकडून क्रमांक मिळाला नाही की लॉगिनडी स्वतःचा क्रमांक देते आणि त्याला हे अक्षर जोडते, इतकेच.

सत्राची अवस्था ‘क्लोझिंग’ अशी दिसत असेल, तर माणूस बाहेर पडला आहे पण त्याची एखादी प्रक्रिया अजून मागे चालू आहे. प्रयोगशाळेत संध्याकाळी अशी दहा-पंधरा सत्रे लोंबकळताना दिसतात. त्याचे कारण पुढे किल-यूझर-प्रोसेसेसच्या उत्तरात आहे.

हू, लास्ट या जुन्या आज्ञा यूटीएमपी व डब्ल्यूटीएमपी या फाइलींतील नोंदी वाचतात आणि या फाइलींत वेळ ३२ बिटांत साठवली जाते, त्यामुळे १९ जानेवारी २०३८ नंतर त्या निकामी होणार आहेत. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये जुनी लास्ट आज्ञा काढून तिच्या जागी डब्ल्यूटीएमपीडीबी आणली गेली, ती याच कारणाने. हजेरीसाठी लास्टच्या आधारे स्क्रिप्ट लिहून ठेवलेल्या प्रयोगशाळांनी ती आवृत्ती घेण्यापूर्वी आपल्या स्क्रिप्ट तपासाव्यात.

प्रश्न : लॉगिनडीची सेटिंग कोणत्या फाइलमध्ये बदलावी?

मुख्य फाइल इटीसी/सिस्टमडी/लॉगिनडी.कॉन्फ ही आहे, पण तिला हात लावू नये, असे माझे मत आहे. त्याऐवजी इटीसी/सिस्टमडी खाली लॉगिनडी.कॉन्फ.डी नावाची निर्देशिका तयार करून तिच्यात .कॉन्फ ने संपणारी छोटी फाइल ठेवावी. पहिल्या ओळीत चौकटी कंसांत लॉगिन हा शब्द रोमन लिपीत, पहिले अक्षर मोठे ठेवून लिहावा आणि त्याखाली आपल्याला बदलायच्या तेवढ्याच ओळी लिहाव्यात. पुढे प्रणाली अद्ययावत होते तेव्हा मूळ फाइल बदलली तरी आपला भाग शाबूत राहतो, आणि आपल्यानंतर येणाऱ्या माणसाला नेमके काय बदलले होते हे चार ओळींत कळते. चौकटी कंसाची ती ओळ विसरल्यास खालच्या सर्व ओळी दुर्लक्षिल्या जातात आणि पडद्यावर कसलीही चूक दिसत नाही. तक्रार फक्त जर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या नोंदवहीत, पडते.

सर्व फाइली एकत्र होऊन शेवटी काय लागू झाले हे पाहण्यासाठी सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ कॅट-कॉन्फिग आणि पुढे सिस्टमडी/लॉगिनडी.कॉन्फ असे द्यावे. बदल लागू करण्यासाठी सेवा पुन्हा सुरू करण्याची आज्ञा चालू चित्रमय सत्रात देऊ नये; काही संगणकांवर तिने पडदाच काळा होतो. लॉगिनडीला एचयूपी हा संकेत पाठवला की ती आपली फाइल पुन्हा वाचते. प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी, जेथे संगणक रोज बंद होतातच, तेथे दुसऱ्या दिवसाची वाट पाहणे सर्वांत सोपे.

प्रश्न : लॅपटॉपचे झाकण मिटले की हिशेबाचा सर्व्हर बंद पडतो. काय करावे?

हा प्रश्न सावदा-रावेर भागातून सर्वाधिक येतो. केळीच्या हंगामात कार्यालयातील जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून कोपऱ्यात ठेवलेला असतो, कारण त्याची बॅटरी हाच फुकटचा यूपीएस. आणि धूळ बसू नये म्हणून कोणीतरी त्याचे झाकण मिटते.

झाकणासाठी लॉगिनडीमध्ये तीन सेटिंग आहेत. हँडल-लिड-स्विच ही मुख्य असून तिचे मूळ मूल्य सस्पेंड, म्हणजे झाकण मिटताच निद्रा, असे आहे. हँडल-लिड-स्विच-एक्स्टर्नल-पॉवर ही बाहेरची वीज जोडलेली असतानाची आहे. ती लिहिली नसेल तर पहिलीचेच मूल्य धरले जाते. हँडल-लिड-स्विच-डॉक्ड ही लॅपटॉप डॉकमध्ये असताना किंवा त्याला एकाहून अधिक पडदे जोडलेले असताना लागू होते, आणि तिचे मूळ मूल्य इग्नोर आहे. बाहेरचा मॉनिटर जोडलेला असताना झाकण मिटूनही संगणक चालू राहतो आणि मॉनिटर काढताच झोपतो, हे कोडे येथे सुटते.

अनेक जण फक्त दुसरी सेटिंग इग्नोर करतात. दिवसभर सर्व ठीक चालते. मग दुपारी वीज जाते, लॅपटॉप बॅटरीवर येतो, मिटलेल्या झाकणाला आता पहिली सेटिंग लागू होते आणि ज्या क्षणासाठी बॅटरी ठेवली होती त्याच क्षणी सर्व्हर झोपी जातो. इनव्हर्टरवर असलेल्या लॅपटॉपला मात्र वीज गेल्याचे कळतच नाही, म्हणून ही चूक इनव्हर्टर असलेल्या कार्यालयात कित्येक महिने लपून राहते. सर्व्हरसाठी पहिल्या दोन्ही सेटिंग इग्नोर कराव्यात.

एवढे करूनही संगणक झोपत असेल तर सिस्टमडी-इनहिबिट ही आज्ञा लिस्ट या पर्यायासह चालवावी. झाकणाचा किंवा पॉवर बटणाचा ताबा डेस्कटॉपने स्वतःकडे घेतला असेल तर ते तेथे दिसते, आणि मग बदल लॉगिनडीत न करता डेस्कटॉपच्या वीजविषयक सेटिंगमध्येच करावा लागतो. सर्व्हरवर डेस्कटॉप मुळात हवाच कशाला, हा वेगळा प्रश्न. आणि एक सांगायला हवे : मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा झाकण मिटून अहोरात्र चालणारा लॅपटॉप कीबोर्डमधून उष्णता बाहेर टाकू शकत नाही. सेटिंग काहीही असली तरी त्या दिवसांत झाकण उघडे ठेवून वर पातळ कापड टाकण्याऐवजी खोलीच बदलावी.

प्रश्न : विद्यार्थी पॉवर बटण दाबून संगणक बंद करतात. ते थांबवता येईल का?

हँडल-पॉवर-की चे मूळ मूल्य पॉवरऑफ आहे. ते इग्नोर करावे. डेस्कटॉपने बटणाचा ताबा घेतला असल्यास वरीलप्रमाणे तेथेही बदलावे. बटण काही सेकंद दाबून धरल्यावर वीज तोडण्याचे काम हार्डवेअर करते. त्यावर लिनक्सचा इलाज नाही.

प्रश्न : एसएसएचने काम लावून घरी गेलो, सकाळी काम अर्धवट मेलेले होते. टीमक्स (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) वापरूनही असे का झाले?

याचे उत्तर किल-यूझर-प्रोसेसेस या सेटिंगमध्ये आहे. ही ‘येस’ असेल तर सत्र संपताच त्या सत्राच्या गटातील प्रत्येक प्रक्रिया मारली जाते. टीमक्स, स्क्रीन, नोहप लावलेली आज्ञा, कोणीही सुटत नाही. मे २०१६ मध्ये सिस्टमडीच्या २३० व्या आवृत्तीत हिचे मूळ मूल्य ‘येस’ करण्यात आले आणि त्यावर मोठा वाद झाला. डेबियन, उबुंटू आणि फेडोरा यांनी आपापल्या वितरणांत ते ‘नो’ ठेवले. म्हणजे या वितरणांवर टीमक्स मेले असेल तर बहुधा कोणीतरी ही सेटिंग मुद्दाम बदलली आहे.

बदलणाऱ्याची बाजूही समजून घ्यावी. ही सेटिंग ‘नो’ असली की विद्यार्थी निघून गेल्यावरही त्याचा ब्राउझर, अनंत फेऱ्यांत अडकलेला सी भाषेतील प्रोग्राम आणि ती ‘क्लोझिंग’ सत्रे मागे राहतात, आणि चार जीबी स्मृतीच्या संगणकावर पुढच्या तुकडीला त्याचा जाच होतो. एका महाविद्यालयात याच कारणाने मी स्वतः ती ‘येस’ केली. तेथील एक प्राध्यापक रात्रभर चालणारे गणित टीमक्समध्ये लावून गेले होते. सकाळी त्यांनी विचारले तेव्हा मी दहा मिनिटे वीजपुरवठ्याला दोष देत होतो. चूक माझीच होती.

तेव्हापासून मी मधला मार्ग घेतो. किल-यूझर-प्रोसेसेस ‘येस’ ठेवून किल-एक्सक्लूड-यूझर्स मध्ये ज्यांना सूट द्यायची त्यांची नावे लिहितो. त्यात रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेले खाते, मूळचाच असतो, पण ओळ नव्याने लिहिताना तो पुन्हा लिहायला विसरू नये. उलट थोड्याच खात्यांवर बंधन हवे असेल तर किल-ओन्ली-यूझर्स वापरावे.

अधिक शिस्तीचा उपाय ‘लिंगर’ हा आहे. लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर आणि पुढे वापरकर्त्याचे नाव दिले की त्या वापरकर्त्याची स्वतःची सिस्टमडी संगणक सुरू होताच उठते आणि तो बाहेर पडल्यावरही जिवंत राहते. मात्र केवळ लिंगर चालू करून सत्रातले टीमक्स वाचत नाही, कारण ते अजूनही सत्राच्याच गटात असते. ते सिस्टमडी-रन या आज्ञेने, यूझर आणि स्कोप हे दोन पर्याय देऊन सुरू करावे लागते. मग ते सत्राच्या गटातून निघून वापरकर्त्याच्या गटात जाते. लिंगर कोणाकोणाला दिले आहे हे व्हार/लिब/सिस्टमडी/लिंगर या निर्देशिकेतील फाइलींच्या नावांवरून कळते. वर्षअखेरीस ती एकदा पाहावी. उत्तीर्ण होऊन गेलेल्यांची नावे तेथे राहून जातात.

प्रश्न : पोस्टग्रेस हा डेटाबेस अधूनमधून स्मृतीचा तुकडा सापडत नाही अशी तक्रार करून चूक देतो. त्याचा लॉगिनशी काही संबंध आहे का?

असू शकतो. रिमूव्ह-आयपीसी ही सेटिंग ‘येस’ असल्यास वापरकर्त्याचे शेवटचे सत्र संपताच त्याच्या मालकीचे सामायिक स्मृतीचे तुकडे काढून टाकले जातात. प्रणालीच्या खात्यांना, म्हणजे साधारणतः हजाराच्या आतील क्रमांकांच्या खात्यांना, यातून सूट आहे. म्हणून वितरणाच्या पॅकेजमधून बसवलेल्या पोस्टग्रेसला त्रास होत नाही. स्रोतापासून बांधलेल्या पोस्टग्रेससाठी कोणी साध्या माणसासारखे खाते उघडले, त्या खात्याने देखभालीसाठी लॉगिन केले आणि ते बाहेर पडले, की चालू डेटाबेसच्या पायाखालची जमीन काढली जाते. पोस्टग्रेसच्या अधिकृत दस्तऐवजातही हा इशारा आहे. खाते प्रणालीचे करावे किंवा ही सेटिंग ‘नो’ करावी.

प्रश्न : कोणी उठून गेल्यावर त्याचे सत्र आपोआप बंद कसे करावे?

येथे पुन्हा मालक कोण, हे पाहावे लागते, आणि सर्वाधिक गैरसमज याच ठिकाणी आहेत.

पहिला गैरसमज एसएसएचच्या क्लायंट-अलाइव्ह-इंटरव्हल विषयी. ही सेटिंग समोरचा संगणक जिवंत आहे का हे विचारते. माणूस जागेवर आहे का, हे नव्हे. माणूस चहाला गेला असला तरी त्याचा संगणक इमानेइतबारे उत्तर देत राहतो आणि सत्र चालू राहते. तुटलेल्या जोडण्या साफ करण्यासाठी ती उत्तम आहे, विशेषतः वीज किंवा मोबाइलचे जाळे वारंवार जाणाऱ्या गावांत.

दुसरा गैरसमज आयडल-अ‍ॅक्शन विषयी. तिचे मूळ मूल्य इग्नोर आहे, आणि बदलल्यावरही ती एका सत्राला नव्हे तर सर्व सत्रे निष्क्रिय झाल्यावर संपूर्ण संगणकाला लागू होते. आयडल-अ‍ॅक्शन-सेक चा मूळ अवधी ३० मिनिटांचा आहे. संध्याकाळी विसरलेले संगणक झोपवायला ती उपयोगी आहे.

एका सत्रापुरते हवे असेल तर दोन मार्ग उरतात. बॅशमध्ये टीएमआउट या चलात सेकंद दिले की तेवढा वेळ काही टंकले नाही तर शेल बंद होते; इटीसी/प्रोफाइल.डी मधील फाइलमध्ये ते केवळ-वाचनीय करून ठेवावे, नाही तर हुशार विद्यार्थी ते शून्य करतात. मात्र हे घड्याळ शेलच्या प्रॉम्प्टवरच चालते. व्हिम हा संपादक उघडा ठेवून गेलेल्यावर त्याचा परिणाम होत नाही. दुसरा मार्ग लॉगिनडीचा : स्टॉप-आयडल-सेशन-सेक. ही सेटिंग २५२ व्या आवृत्तीपासून आहे आणि मुळात बंद असते. ती कोणत्याही सत्राला, आत काय चालू आहे ते न पाहता, संपवते. टर्मिनलवरील सत्रात कळ दाबली गेली नाही की ते निष्क्रिय मानले जाते, मग पडद्यावर प्रोग्रामचे संकलन (कंपाइल) धडाधड चालू असले तरी. प्रात्यक्षिक परीक्षेच्या काळात मी ती लावत नाही.

प्रश्न : एका विद्यार्थ्याला एका वेळी एकच लॉगिन, आणि तेही महाविद्यालयाच्या वेळेतच, असे करता येते का?

दोन्ही करता येते, आणि दोन्ही पॅमकडे आहे. इटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.कॉन्फ मध्ये गटाच्या नावापुढे मॅक्सलॉगिन्स आणि संख्या लिहावी. ही मर्यादा त्या एका संगणकापुरती असते; एकच खाते शेजारच्या संगणकावर वापरणे तिने थांबत नाही. वेळेसाठी त्याच निर्देशिकेतील टाइम.कॉन्फ मध्ये सेवा, टर्मिनल, वापरकर्ते आणि वेळ हे चार भाग अर्धविरामाने तोडून लिहावेत, आणि संबंधित सेवेच्या पॅम फाइलमध्ये पॅम-टाइमची ओळ आहे याची खात्री करावी. वेळ संपल्यावर हा नियम नव्याने येणाऱ्याला अडवतो. आत बसलेल्याला उठवत नाही.

प्रश्न : सुडो किंवा एसयूने दुसऱ्या खात्यात गेल्यावर सिस्टमसीटीएल यूझर चालत नाही, बसशी (प्रक्रियांच्या आपसांतील संदेशवाहिनीशी) जोडणी होत नाही असे सांगते. का?

कारण आपण दुसऱ्याचे कपडे घातले आहेत, पण वहीत नोंद अजून आपल्याच नावाची आहे. आधीच एका सत्रात असलेल्या प्रक्रियेसाठी पॅम नवे सत्र उघडत नाही, त्यामुळे त्या खात्याच्या रनटाइम निर्देशिकेचा पत्ता वातावरणात येत नाही. मशीनसीटीएल शेल ही आज्ञा नावापुढे ॲट चिन्ह लावून द्यावी. ती खरे सत्र उघडते. डेबियनवर त्यासाठी सिस्टमडी-कंटेनर हे पॅकेज बसवावे लागते.

प्रश्न : एका संगणकाला दोन मॉनिटर आणि दोन कीबोर्ड लावून दोन विद्यार्थी बसवता येतात का?

येतात. लॉगिनडी यालाच ‘सीट’ म्हणजे आसन म्हणते. सीट शून्य कायम असते. दुसऱ्या आसनासाठी स्वतंत्र ग्राफिक कार्ड असणे व्यवहारात आवश्यक आहे. लॉगिनसीटीएल सीट-स्टेटस सीट शून्य या आज्ञेतून उपकरणांचे पत्ते घ्यावेत आणि लॉगिनसीटीएल अटॅच ने कार्ड, कीबोर्ड व माउस सीट एकला जोडावेत. कंट्रोल-ऑल्टसह फंक्शन कळा दाबून टर्मिनल बदलणे फक्त सीट शून्यवर चालते. मांडणी बिघडल्यास लॉगिनसीटीएल फ्लश-डिव्हाइसेस सर्व उपकरणे परत पहिल्या आसनाकडे देते.

प्रश्न : आमच्या वितरणात सिस्टमडी नाही. मग?

देवुआन, व्हॉइड किंवा ओपनआरसीवरील जेंटू वापरत असाल तर बहुधा ईलॉगिनडी असेल. सिस्टमडीमधून लॉगिनडीचाच भाग वेगळा काढून ती बनवली आहे. फाइल इटीसी/ईलॉगिनडी खाली असते.

प्रश्न : देखभालीसाठी सर्वांना बाहेर कसे काढावे, आणि या गडबडीत मीच बाहेर अडकलो तर?

इटीसी/नोलॉगिन नावाची फाइल तयार करून तिच्यात कारण लिहावे. ती असेपर्यंत रूटखेरीज कोणालाही आत येता येत नाही आणि प्रयत्न करणाऱ्याला ते कारण दिसते. आत असलेल्यांना लॉगिनसीटीएल टर्मिनेट-यूझर ने बाहेर काढावे, पण आधी वॉल या आज्ञेने पाच मिनिटांची सूचना द्यावी.

पॅमच्या फाइलींना हात लावताना मात्र दुसऱ्या टर्मिनलवर रूटचे एक सत्र उघडे ठेवावे आणि बदलानंतर तिसऱ्या टर्मिनलवरून नव्याने लॉगिन करून पाहिल्याशिवाय ते बंद करू नये. एसएसएचवरून रूटला बंदी असेल तर नोलॉगिनची फाइल आपल्यालाही अडवते, हे ती तयार करण्यापूर्वी आठवावे. नाही तर एक फाइल पुसण्यासाठी धुळ्याहून शिरपूरपर्यंत गाडी काढावी लागते. फाइल पुसल्यावर काही पुन्हा सुरू करावे लागत नाही, दार त्याच क्षणी उघडते.